बारा व्होल्टची आग: सोलरचा चार्ज कंट्रोलर जोडण्यापूर्वी

छतावर सोलर बसवलं, बिल खाली आलं, आणि तरीही वीज गेली की घरात काळोखच. हे कसं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्य घर योजना सुरू झाली, ३ किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला गोव्यात पेडणे, डिचोली, फोंडा, जिथे जाईन तिथे कुणीतरी विचारतं.

उत्तर सोपं आहे. या योजनेतलं साधं सोलर वीज खात्याच्या तारांना जोडलेलं असतं. खात्याची वीज गेली की ते स्वतःहून बंद पडतं, आणि ते मुद्दामच तसं बनवलेलं आहे. लाइनमन खांबावर चढून तार दुरुस्त करत असताना तुमच्या छतावरची वीज उलटी त्या तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल.

वीज गेल्यावरही दिवा-पंखा हवा असेल तर बॅटरी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्यानंतर पुष्कळांनी वेगळा मार्ग धरला. घरात इन्व्हर्टरची बॅटरी असतेच. तिला छतावरचं एखादं-दुसरं पॅनल जोडायचं, आणि मधे एक छोटा डबा बसवायचा. त्या डब्याला म्हणतात चार्ज कंट्रोलर. दुकानात मिळतो, किंमत फार नसते, चार-सहा स्क्रू असतात, आणि जोडायला सोपा वाटतो.

सोपा वाटतो म्हणूनच हा लेख.

## मावशीच्या कोठीत काय झालं

माझ्या मावशीचं घर सत्तरी तालुक्यात, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या कडेला. पावसात तिथे वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. तिच्याकडे दोन पॅनलं, एक १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर (पाणी घालावं लागणारी) बॅटरी आणि एक कंट्रोलर बसवून देणारा माणूस म्हणाला होता, “काय भिऊ नका मावशी, बारा व्होल्टच आहे. ओल्या हातानं धरलंत तरी झिणझिण्यासुद्धा येणार नाहीत.”

ते खरंच होतं. शॉक कधीच लागला नाही.

बॅटरी कोठीच्या खोलीत, सुपारीच्या पोत्यांशेजारी. तिथून कंट्रोलरपर्यंत भिंतीवरून बारीक वायर नेली होती, पंख्याला वापरतात तसली. मधे फ्यूज नव्हता. पाचव्या महिन्यात एका रात्री उंदरानं ती वायर कुरतडली आणि आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या. मावशीला जाग आली ती वासानं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा भिंतीवर वायर होती त्या जागी हातभर लांबीचा काळा पट्टा उमटला होता. प्लॅस्टिक वितळून खाली ठिबकलं होतं आणि एका पोत्याच्या गोणपाटाला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या. वायर मधेच जळून तुटली, म्हणून पुढचं टळलं. पोतं आणखी वीतभर जवळ असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

आपण २३० व्होल्टला भितो, आणि भ्यायलाच हवं. पण बॅटरीचा धोका शॉकचा नाही, आगीचा आहे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात.

## आधी तीन शब्द

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. दोघांचा गुणाकार म्हणजे वॅट, प्रत्यक्ष मिळणारी शक्ती. डोंगरावरच्या झरीचं पाणी बारीक नळीतून जोरात येतं, तो दाब. कुळागराच्या पाटातून संथ पण पोटरीभर पाणी येतं, तो प्रवाह.

बारा व्होल्टचा दाब प्रवाहाला तुमच्या कातडीच्या आत ढकलू शकत नाही, म्हणून शॉक लागत नाही. पण तांब्याला किंवा लोखंडाला कातडी नसते. बॅटरीच्या प्लस-मायनसवर चुकून पाना आडवा पडला, तर भरलेल्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून हजार अँपिअरहून जास्त प्रवाह सुटू शकतो. ग्रिलवाला वेल्डिंग करतो ते साधारण शंभर-दीडशे अँपिअरवर. म्हणजे तो पाना तिथेच चिकटेल, लाल होईल, आणि बॅटरी फुटू शकेल. बोटात अंगठी असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. घड्याळ, अंगठी, हातातलं कडं, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र, हे सगळं बॅटरीला हात लावण्यापूर्वी उतरवून ठेवायचं. पान्याची मूठ इन्सुलेशन टेपनं गुंडाळायची, फक्त तोंड उघडं ठेवायचं. आणि एका टर्मिनलवर काम चालू असताना दुसऱ्यावर रबराची टोपी किंवा जाड सुकं फडकं.

## पॅनल थेट बॅटरीला जोडलं तर काय बिघडतं?

बारा व्होल्टचं पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, मग मधे डबा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे.

‘बारा व्होल्टचं पॅनल’ हे फक्त बोलण्यापुरतं. उन्हात, काहीही न जोडता मोजलं तर त्यातून २१-२२ व्होल्ट येतात. बॅटरी भरलेली आणि निवांत असताना १२.७ व्होल्टच्या आसपास असते आणि भरताना तिला साधारण १४.४ पर्यंत चढू द्यायचं असतं. त्यापुढेही प्रवाह ढकलत राहिलं तर आतलं पाणी उकळी आल्यासारखं बुडबुडतं, त्याचे वायू होतात, प्लेटा उघड्या पडतात, बॅटरी तापते. आणि रात्री उलटं होतं, बॅटरीतली थोडी वीज पॅनलमधून गळते.

आपल्या खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली मानस (पाण्याची झडप) ज्यांनी पाहिली आहे त्यांना कंट्रोलर पटकन कळेल. ओहोटीला बाहेरचं पाणी खाली गेलं की मानशीची लाकडी दारं उघडतात, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरती आली की तीच दारं दाबानं मिटतात आणि खारं पाणी आत शिरत नाही. कुणी उभं राहून उघडझाप करावी लागत नाही. कंट्रोलरही पॅनलकडून बॅटरीकडे वाट देतो, रात्री उलटी वाट मिटतो. शिवाय बॅटरी भरत आली की दार हळूहळू ओढून घेतो. हे शेवटचं काम मानस करत नाही, आणि कंट्रोलरचं खरं मोल त्यातच आहे.

## स्वस्तातला घ्यावा की महागातला?

दोन जाती आहेत. साधा तो पीडब्ल्यूएम. हा पॅनल आणि बॅटरीमधलं दार भराभर उघडमीट करतो, बाकी काही नाही. महाग तो एमपीपीटी. हा पॅनलचा जास्तीचा दाब प्रवाहात बदलतो. चोर्ला घाट चढताना गाडीचा गिअर खाली आणतो तसं: इंजिन तेच, पण त्याचा जोर चढावाला लागेल अशा रूपात मिळतो. पीडब्ल्यूएमला एकच गिअर.

‘बारा व्होल्टची’ छोटी पॅनलं असतील तर पीडब्ल्यूएमनं चालतं. पण हल्ली छतावर येतात ती ५४० वॅटसारखी मोठी पॅनलं. त्यांचा रिकामा (काहीही न जोडता मोजलेला) दाब ४९-५० व्होल्टच्या घरात आणि प्रवाह साधारण १३ अँपिअर. पीडब्ल्यूएममधून तेच १३ अँपिअर बॅटरीच्या साडेतेरा व्होल्टला मिळतात, म्हणजे जेमतेम १७५ वॅट. पैसे ५४० चे आणि काम १७५ चं. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच छोट्या कंट्रोलरना एवढा दाब सोसतच नाही, ते पहिल्याच उन्हात जळतात.

एमपीपीटी घेतलात तरी डब्यावरचा एक आकडा वाचायचाच: जास्तीत जास्त किती व्होल्ट आत घेतो. समजा १०० लिहिलं आहे, आणि तुम्ही ४९.५ व्होल्टची दोन पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली. झाले ९९. बसलं की, असं वाटेल. पण पॅनलवरचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात आणि थंडीत पॅनलचा दाब वाढतो, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. डिसेंबर-जानेवारीत सत्तरीत पहाटे १७ अंश असेल तर दोनेक टक्के चढले, झाले १०१. सकाळचं पहिलं ऊन थंडगार पॅनलवर पडलं आणि कंट्रोलर गेला. अशा वेळी गॅरंटीतही तो बदलून मिळणं कठीण. मी १०० च्या कंट्रोलरला ८५ च्या वर कधी जाऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांत दडलेली आहे. दोन मोठी पॅनलं सिरीजमध्ये आली की छताकडून येणारी वायर शंभर व्होल्टची झाली. तिचा शॉक लागतो, आणि चांगलाच लागतो. ‘बारा व्होल्टच आहे’ हे फक्त बॅटरीच्या बाजूला खरं.

## बॅटरी आधी की पॅनल आधी?

बॅटरी आधी. कंट्रोलरला पहिल्यांदा बॅटरी जोडायची, मग पॅनल, शेवटी दिवे-पंखे. काढताना बरोबर उलटं: आधी दिवे, मग पॅनल, शेवटी बॅटरी.

कारण कळलं तर हा क्रम विसरत नाही. बहुतेक कंट्रोलर १२ व्होल्टच्या आणि २४ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्यांना चालतात. आपल्याला कुठली जोडली आहे ते तो बॅटरीचा दाब चाखून ठरवतो. बॅटरी नसताना पॅनल जोडलंत तर त्याच्यापुढे मोजायला फक्त पॅनलचा मोकाट दाब असतो. मग एक तर तो आतून जळतो, नाही तर तुमची बॅटरी २४ ची आहे असं समजतो आणि नंतर जोडलेल्या १२ च्या बॅटरीला २८ व्होल्टपर्यंत भरू पाहतो.

म्हणूनच कंट्रोलर चालू असताना बॅटरीची वायर उपटून बघू नये. पाणी भरायला, टर्मिनल घासायला बॅटरी सोडवायची असेल तर आधी पॅनल आणि कंट्रोलर यांच्यामधे बसवलेली कळ बंद.

पॅनलला स्वतःची कळ नसते, हेही इथेच सांगतो. ऊन हीच त्याची कळ. वायर हातात आहे आणि बाहेर लख्ख ऊन आहे, तर ती वायर जिवंत आहे. जोडणी संध्याकाळी उशिरा करा, किंवा पॅनलवर जाड चादर, गोधडी घाला आणि वाऱ्यानं उडणार नाही अशी बांधा. पॅनलचे ते खटकन बसणारे काळे कनेक्टर प्रवाह चालू असताना ओढून काढू नका, आत ठिणगीचा जाळ होतो.

आणि टेस्टरवर विसंबू नका. आपला नेहमीचा दिव्याचा टेस्टर १२ व्होल्टला पेटतच नाही. ‘टेस्टर लागत नाही, म्हणजे बंद आहे’ असं म्हणून लोक बेधडक हात घालतात. पाच-सहाशे रुपयांचा मल्टीमीटर आणा. त्यावर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ अशी खूण असलेलं डीसीचं, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचं माप निवडा, आणि प्रत्येक जोड करण्यापूर्वी प्लस कुठलं, मायनस कुठलं ते मोजून पाहा. वायरच्या रंगावर जाऊ नका. घरातल्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, इथे लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. दोन्ही एकाच पाइपातून नेल्या तर दहा वर्षांनी येणारा वायरमन फसेल. पाइप वेगळा ठेवा आणि त्यावर मार्करनं ‘सोलर’ असं ठळक लिहा.

## फ्यूज कंट्रोलरच्या आत असतोच ना?

काहींत असतो. पण तो त्याच्या पुढच्या भागाला वाचवतो. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधली वायर उघड्यावर राहते. मावशीच्या कोठीत जळली ती नेमकी हीच वायर.

घराच्या टाकीचा विचार करा. टाकीतून निघणाऱ्या पाइपाला व्हॉल्व्ह कुठे लावतो? टाकीच्या तोंडाशी. न्हाणीत लावला आणि मधेच पाइप फुटला तर सगळी टाकी रिकामी होईपर्यंत बघत बसावं लागेल. इथे टाकी म्हणजे बॅटरी. फ्यूज तिच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा, त्याहून लांब नको.

केवढा? कंट्रोलर २० अँपिअरचा असेल तर २५ चा फ्यूज. आणि वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त सोसणारी. फ्यूज हा वायरसाठी असतो, हे बरेच वायरमनही विसरतात. वायर १५ अँपिअर सोसणारी आणि फ्यूज ३० चा, तर आधी वायर जळेल आणि फ्यूज तसाच शाबूत राहील. थोडक्यात, फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याहून मोठा घालणं म्हणजे आगीला वाट करून देणं. तो का उडतो ते शोधा.

फ्यूजऐवजी घरातला साधा एमसीबी लावला तर? हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, कारण तो घरात पडून असतो. नका लावू. घरातली वीज एसी, म्हणजे झोक्यासारखी पुढे-मागे होणारी. झोका प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो, तशी ही वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. एमसीबी उघडताना आत जी ठिणगी पडते, ती त्या शून्याच्या क्षणी विझते. पॅनलची आणि बॅटरीची वीज डीसी, पाटाच्या पाण्यासारखी एकाच दिशेनं सतत. ती शून्यावर येतच नाही. कळ उघडली तरी ठिणगी दोन टोकांमध्ये ताणून राहते, जळत राहते, आणि एमसीबीचंच प्लॅस्टिक पेट घेऊ शकतं. दुकानात ‘डीसी एमसीबी’ असं सांगून मागा, त्यावर किती व्होल्टपर्यंत चालतो ते वाचा. काहींवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. त्या उलट्या जोडल्या तर ठिणगी विझवायची त्याची सोयच काम करत नाही.

## वायर जाड लागते म्हणजे किती?

२३० व्होल्टला ३०० वॅट न्यायला साधारण १.३ अँपिअर पुरतो. १२ व्होल्टला तेच ३०० वॅट न्यायला २५ अँपिअर लागतात. शक्ती तेवढीच, प्रवाह वीस पट. म्हणून घरातल्या सवयीनं निवडलेली वायर इथे बारीक पडते.

बारीक वायरचा दुसरा तोटा पटकन दिसत नाही. समजा कंट्रोलरपासून बॅटरी पाच मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. वायर अडीच स्क्वेअरची (अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची), प्रवाह २० अँपिअर. त्या वायरमध्येच जवळजवळ १.४ व्होल्ट हरवतात. कंट्रोलर आपल्या तोंडाशी १४.४ मोजतो आणि बॅटरी भरत आली असं समजून दार ओढू लागतो. बॅटरीला मिळतात १३. भरायला मग दिवस पुरत नाही, रोज अर्धपोटी राहते आणि दीड-दोन वर्षांत मरते. दोष कंपनीला मिळतो. हीच वायर सहा स्क्वेअरची घेतली आणि अंतर एका मीटरवर आणलं, तर हरवतात फक्त ०.१२ व्होल्ट. म्हणून कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवायचा आणि लांबचं अंतर पॅनलच्या बाजूला जाऊ द्यायचं.

पॅनलकडची वायर सोलरचीच घ्या. ऊन-पाऊस सोसणारं तिचं आवरण दुहेरी असतं आणि आतलं तांबं कल्हई केलेलं असतं. आपल्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर पहिल्या पावसातच हिरवा कळंक चढतो. मोरजी, मांद्रे, केरीच्या पट्ट्यात तर हे डोळ्यांदेखत होतं. कळंक म्हणजे अडथळा, अडथळा म्हणजे उष्णता. जोड तापतो, तापून सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

आगीची सुरुवात बहुतेक वेळा अशा जोडातच होते. वायरची टोकं पिळून स्क्रूभोवती गुंडाळू नका. बॅटरीच्या टोकाला योग्य मापाचं थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी), आणि ते क्रिम्पिंगच्या पक्कडीनंच दाबलेलं, हातोडीनं ठोकलेलं नको. कंट्रोलरमध्ये जाणारं टोक सेंटिमीटरभर सोला, एकही तार बाहेर डोकावता कामा नये. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. आठवड्यानं पुन्हा आवळा, कारण बारीक तारांची वायर दबून बसते आणि स्क्रू थोडा सैल होतोच.

## इन्व्हर्टर कंट्रोलरवरच जोडावा का?

कंट्रोलरवर दिव्याच्या चित्राची दोन टर्मिनलं असतात, आणि तिथेच इन्व्हर्टर जोडायचा मोह होतो. ती टर्मिनलं चार डीसी दिव्यांसाठी आहेत. ६०० वॅटचं ओझं असलेला इन्व्हर्टर बॅटरीकडून ५० अँपिअरहून जास्त ओढतो. त्याची जाड वायर थेट बॅटरीलाच, तिचा वेगळा फ्यूज घालून. घरातल्या चालू इन्व्हर्टरला सोलरची जोड देत असाल तर काम सुरू करण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करा आणि त्याचा भिंतीतला प्लगही काढा, नाही तर तो मागून बॅटरी भरतच राहील.

## बॅटरी कुठे ठेवायची?

मावशीच्या घरी आम्ही ती कोठीतून काढून मागच्या पडवीत नेली. तिथे पाऊस येत नाही, वारा खेळतो. पाण्याची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो. म्हणून बंद कपाट नको, खाटेखाली नको, देवघराच्या समईजवळ नको, चुलीजवळ किंवा गॅसजवळ तर नकोच. कंट्रोलर बॅटरीच्या बरोबर वर टांगू नका. वर चढणारा वायू आणि आम्लाची वाफ त्यालाच खाते. बाजूला, एक-दीड हात अंतरावर, उभा बसवा, वर-खाली वीतभर जागा मोकळी. लाकडी फळीवर बसवू नका. पाली आणि मुंग्या ऊब शोधत आत शिरतात, त्यासाठी बारीक जाळी लावा, पण हवा अडवू नका.

पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, आणि चष्मा घालून. आम्ल डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा मिनिटं धुवत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

## माझी बॅटरी लिथियमची आहे, मला काय?

हायड्रोजन आणि पाणी यांची कटकट गेली. फ्यूज, वायर, क्रम, यातलं काहीच गेलं नाही. उलट एक काम वाढलं: कंट्रोलरला बॅटरीची जात सांगणं. पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून १५ व्होल्टच्या आसपास नेऊन ढवळून काढणारी पद्धत लिथियमला घातक आहे. कंट्रोलरच्या मेनूत लिथियम हा पर्याय निवडा. तो नसेल तर तो कंट्रोलर या बॅटरीसाठी नाही. सील्ड, म्हणजे पाणी न घालायच्या बॅटरीलाही ती ढवळण्याची पद्धत चालत नाही. दुकानातून आलेला कंट्रोलर कुठल्या पर्यायावर आहे हे न पाहता लोक पॅनल जोडून मोकळे होतात, आणि ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

## विजांचं काय?

मे महिन्यात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे विजांचा कडकडाट होतो. पॅनलची चौकट जाड तारेनं स्वतंत्र अर्थिंगला जोडा, नळाच्या पाइपाला नको. जांभ्याच्या कोरड्या दगडात रॉड नुसता ठोकून काही होत नाही, नीट खड्डा करून माती-मसाला भरावा लागतो. कंट्रोलरच्या आधी डीसीचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारा डबा, बसवा. ढग दाटू लागले की पॅनलची कळ बंद करून ठेवा, पण कडकडाट सुरू झाल्यावर त्या वायरजवळ जाऊ नका.

## हे आपण स्वतः करावं का?

एक-दोन छोटी पॅनलं, १२ व्होल्टची बॅटरी, हातात मल्टीमीटर आणि अंगात धीर, एवढं असेल तर बॅटरीकडचं काम काळजीपूर्वक करणाऱ्याला जमतं. पॅनलं सिरीजमध्ये असतील, किंवा इन्व्हर्टरमधून घराच्या वायरिंगला हात लावायचा असेल, तर परवाना असलेला वायरमनच हवा. वीज खात्याच्या लाइनला सोलर जोडायचं असेल तर खात्याच्या परवानगीशिवाय एक स्क्रूही फिरवायचा नाही. आणि वायरमन बोलावलात तरी त्याच्याजवळ उभे राहा. बॅटरीजवळ फ्यूज कुठे आहे, ते बोट दाखवून विचारा. ‘बारा व्होल्टला कशाला हवा’ असं उत्तर आलं, तर काम तिथेच थांबवा.

मावशीकडे नवी जोडणी केली त्या दिवशी संध्याकाळी उजेड उतरल्यावर बॅटरीला कंट्रोलर जोडला. पडद्यावर १२.४ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनलवरची गोधडी काढली, आकडा हळूहळू चढत दुपारी १४.४ ला टेकला आणि तिथेच थांबला. तेव्हा प्रत्येक जोडाजवळ वायरच्या आवरणाला हाताची उलटी बाजू लावून पाहिली. कोमट होती, चटका कुठेच नव्हता. मावशीनं कंट्रोलरशेजारी भिंतीवर पेन्सिलनं तारीख आणि दोन्ही आकडे लिहून ठेवले. आता दर चवथीच्या आधी घर सारवायला-झाडायला काढलं की ती पुन्हा मोजते आणि त्याच्याखाली नवी ओळ लिहिते.